शेवटच्या खंडाचा ताळा: अंतराळ महागाथेच्या अखेरच्या कादंबरीचं परीक्षण कसं लिहावं

भागाकार संपला की खाली ताळा करायचा, हे बाईंनी आम्हाला शाळेत शिकवलं. उत्तराला भाजकाने गुणायचं, बाकी मिळवायची आणि मूळची संख्या परत येते का ते बघायचं. लांबलचक कादंबरीमालेच्या शेवटच्या खंडावर लिहायला बसले की मला ती वही आठवते. पहिल्या खंडाने गणित मांडलेलं असतं, शेवटच्याने उत्तर दिलेलं असतं. दोघांचा ताळा जुळतो का, हे वाचकाला करून दाखवणं म्हणजेच शेवटच्या खंडाचं परीक्षण. नुसतं ‘शेवट आवडला’ किंवा ‘नाही आवडला’ एवढं म्हणायला परीक्षण लागत नाही.

हे काम पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी मी माझी पद्धत लिहून काढते आहे. उदाहरण एकच घेते, म्हणजे हवेत बोलणं होणार नाही: जेम्स एस. ए. कोरी यांची ‘द एक्सपान्स’ ही माला. पहिला खंड ‘लेव्हायथन वेक्स’ २०११ साली आला आणि नववा, शेवटचा, ‘लेव्हायथन फॉल्स’ ३० नोव्हेंबर २०२१ रोजी. २०२० साली या मालेला सर्वोत्कृष्ट कादंबरीमालेचा ह्यूगो हा विज्ञानकथांसाठीचा मानाचा पुरस्कार मिळाला. कोरी नावाचा कुणी माणूस नाही. डॅनिएल एब्रहम आणि टाय फ्रँक या दोघांचं ते मिळून घेतलेलं टोपणनाव आहे. म्हणून परीक्षणात ‘लेखक म्हणतो’ असं लिहू नका, ‘लेखकद्वय’ किंवा ‘लेखक म्हणतात’ असं लिहा. पहिल्याच ओळीत ही चूक दिसली की जाणकार वाचक पुढचं वाचतच नाही.

शब्दाबद्दलही थोडं सांगते. अशा कादंबऱ्यांना इंग्रजीत ‘स्पेस ऑपेरा’ म्हणतात. हा शब्द अमेरिकी लेखक विल्सन टकर यांनी १९४१ मध्ये काढला, आणि तोही नाक मुरडून. रेडिओवरच्या सोप ऑपेरासारख्या, त्याच त्या साच्यातल्या अंतराळकथांना त्यांनी ते नाव दिलं होतं. पुढे शब्दातली हेटाळणी गळून गेली. आपल्याकडे ऑपेरा म्हटलं की संगीत नाटक डोळ्यांसमोर येतं, म्हणून मी ‘अंतराळ महागाथा’ लिहिते. तुम्हाला ‘स्पेस ऑपेरा’च बरा वाटला तर तोच ठेवा, फक्त सगळ्या लेखात एकच शब्द वापरा.

पहिली पायरी: शेवटचा खंड उघडण्याआधी पहिला उघडा

आठही खंड पुन्हा वाचायला वेळ कुणाला असतो? पण पहिल्या खंडाची पहिली पन्नास-साठ पानं वाचायलाच हवीत, आणि तीही वही शेजारी ठेवून. वहीत कथानक उतरवायचं नाही, प्रश्न उतरवायचे. पुस्तक इथे वाचकाला कशाची उत्सुकता लावतं आहे? कुठल्या गोष्टीवरून पात्रांचं एकमेकांशी पटत नाही?

‘लेव्हायथन वेक्स’मध्ये शनीच्या कड्यांमधला बर्फ लघुग्रहांच्या पट्ट्यातल्या सेरेसपर्यंत वाहून आणणारं ‘कँटरबरी’ नावाचं मालवाहू जहाज आहे. जेम्स होल्डन त्यावरचा अधिकारी. जहाजावर संकट येतं, होल्डनच्या हाती काही पुरावा लागतो आणि तो कुणाची परवानगी न घेता, परिणामांचा विचार न करता, तो पुरावा साऱ्या सूर्यमालेला ऐकवतो. पृथ्वी, मंगळ आणि लघुग्रहांच्या पट्ट्यातले लोक एकमेकांच्या उरावर बसायच्या बेतात येतात. दुसरीकडे सेरेसवर मिलर नावाचा पोलीस डिटेक्टिव्ह एका हरवलेल्या मुलीचा माग काढतो आहे. अर्धवट माहिती लोकांच्या हाती पडली की काय होतं, हे त्याने आयुष्यभर पाहिलं आहे. पुढे होल्डन आणि मिलर समोरासमोर येतात आणि त्यांचं भांडण होतं ते मुळात याच मुद्द्यावर.

माझ्या वहीत त्या दिवशी एवढंच लिहिलं गेलं: ‘सगळं सगळ्यांना सांगावं, की ज्याला कळतं त्याने सगळ्यांच्या वतीने ठरवून टाकावं?’ नवव्या खंडापर्यंत माणसं तेराशेहून जास्त ग्रहमालांमध्ये पसरलेली असतात, मध्ये तीस वर्षांची उडी झालेली असते, साम्राज्य उभं राहून कोसळलेलं असतं. आणि प्रश्न तोच असतो, फक्त त्याची किंमत वाढलेली असते. ही एक ओळ हाती नसती तर नवव्या खंडावर मी चार पानं लिहिली असती आणि त्यात काहीच सांगितलं नसतं.

शीर्षकंही ताळ्यासाठी उपयोगी पडतात. पहिल्या आणि शेवटच्या खंडाच्या नावात तोच लेव्हायथन आहे, बायबलमधला तो समुद्री महाप्राणी. एकदा तो जागा होतो, एकदा पडतो. पहिल्या नावाशी शेवटच्या नावाची गाठ लेखकांनी स्वतःच मारून ठेवली आहे. ती सुटते की आवळते, हे बघणं तुमच्याकडे.

दुसरी पायरी: दोनदा वाचा

पहिल्यांदा पेन्सिल लांब ठेवून वाचा. दहा वर्षं ज्यांच्याबरोबर काढली त्यांचा निरोप घ्यायचा असतो, तो घेऊ द्या स्वतःला. मग आठवडाभर थांबून दुसऱ्यांदा वाचा, तेव्हा खुणा करा.

तिसरी पायरी: प्रकरणांच्या माथ्यावरची नावं बघा

ही पायरी मला सगळ्यांत जास्त आवडते आणि नवखे लोक तीच गाळतात.

या मालेत प्रत्येक प्रकरणाच्या वर, ज्याच्या नजरेतून ते लिहिलं आहे त्याचं नाव असतं. पहिल्या खंडात सुरुवातीचा आणि शेवटचा तुकडा सोडला तर दोनच नावं आळीपाळीने येतात, होल्डन आणि मिलर. पुढे नावं वाढत जातात. एका कोऱ्या कागदावर शेवटच्या खंडातली ही सगळी नावं क्रमाने लिहून काढा. पंधरा मिनिटांचं काम आहे. कुणाच्या वाट्याला किती प्रकरणं आली, कोण मध्येच गायब झालं, कोण अगदी उशिरा आलं, हे एका नजरेत दिसतं. पुस्तकाचा तोल कुठे आहे ते तो कागद सांगतो.

माझा कागद करताना मी पहिल्याच नावावर थबकले. आधीच्या खंडांत ज्याच्या प्रकरणांवर ‘होल्डन’ असायचं, त्याच्या प्रकरणांवर नवव्या खंडात ‘जिम’ आहे.

एवढीशी गोष्ट, पण तिचा विचार करा. आपल्याकडे माणूस ऑफिसात आडनावाने ओळखला जातो. ‘कुलकर्णी, ती फाइल द्या’, ‘पाटलांना विचारा’. घरी मात्र तो बंडू असतो, नाहीतर अण्णा. होल्डन हे नाव सूर्यमालेला ठाऊक असलेल्या माणसाचं आहे. त्याने बातमी फोडली, त्याच्यावरून लढाया झाल्या, कुणी त्याला डोक्यावर घेतलं, कुणी शिव्या घातल्या. जिम अशी हाक त्याची माणसं मारतात, त्याची जोडीदार नाओमी मारते. शेवटच्या खंडात लेखक आपल्याला त्या माणसाच्या घरात नेऊन बसवतात. हे त्यांनी चुकून केलेलं नाही. तिसऱ्या खंडातही एका पात्राच्या प्रकरणांवरचं नाव मध्येच बदलतं, आणि तिथे तो बदल कळला नाही तर त्या पात्राची अर्धी गोष्ट निसटते.

परीक्षणात अशी एकच गोष्ट जवळून दाखवली तरी पुरते. वाचक तुमच्या डोळ्यांनी ते पान बघतो. ‘पात्रचित्रण प्रभावी आहे’ या वाक्यातून त्याला काहीच दिसत नाही.

चौथी पायरी: विज्ञानाचे नियम पाळले का

भौतिकशास्त्राची पदवी लागत नाही. पहिल्या खंडाने जे नियम घालून दिले ते नवव्यात मोडले का, एवढंच तपासायचं आहे.

या मालेतली जहाजं सतत इंजिन चालवत जातात. त्वरण चालू असताना माणसांना वजन जाणवतं, म्हणून जहाजाचे डेक इमारतीच्या मजल्यांसारखे एकावर एक असतात. अर्धी वाट वेग वाढवत जायचं, मग जहाज उलटं फिरवून उरलेली अर्धी वाट वेग कमी करत यायचं. गणित सोपं आहे. अंतराला त्वरणाने भागा, वर्गमूळ काढा, दुप्पट करा. पृथ्वी आणि गुरू एकमेकांच्या जवळ असताना त्यांच्यातलं अंतर साधारण ६३ कोटी किलोमीटर धरा. पृथ्वीवर जेवढं वजन जाणवतं तेवढ्या त्वरणाने गेलं तर प्रवासाला सुमारे सहा दिवस लागतात, आणि त्याच्या एक तृतीयांश त्वरणाने सुमारे दहा. तेवढ्याच अंतरावर रेडिओ संदेशाला एका बाजूने जायला ३५ मिनिटं लागतात. म्हणून या पुस्तकांत लांबची माणसं एकमेकांशी गप्पा मारत नाहीत, निरोप ध्वनिमुद्रित करून पाठवतात आणि उत्तराची वाट बघतात. त्या वाट बघण्यातूनच कितीतरी प्रसंगांना ताण येतो.

शेवटच्या खंडात घाई असते. सगळ्यांना एका जागी आणायचं असतं. अशा वेळी लेखक अंतरं गिळतात, जहाजं हवी तेव्हा पोहोचतात. तुमच्या पुस्तकात तसं झालं असेल तर कुठे झालं ते पानासकट टिपून ठेवा. पण नियम मोडला म्हणून पुस्तक मोडीत काढायची घाई करू नका. मालेत परग्रही तंत्रज्ञान असेल तर त्याला वेगळे नियम असणारच. ते नियम आधीच्या खंडांत पेरलेले होते की शेवटी सोयीसाठी आणले, हा खरा मुद्दा आहे.

पाचवी पायरी: कुणासाठी लिहिता ते ठरवा, आणि शेवट फोडू नका

याच मालेच्या एका आधीच्या खंडावर लिहिताना मी एका पात्राच्या मरणाचा उल्लेख दुसऱ्या परिच्छेदात करून टाकला होता. माझा चुलतभाऊ तेव्हा चौथा खंड वाचत होता. त्याने माझा लेख वाचला आणि संध्याकाळी फोन केला. रागावला नाही. एवढंच म्हणाला, ‘‘ताई, आता ती बोलायला लागली की मला तेच आठवत राहणार.’’ पुढच्या रविवारी चौथा खंड त्याने परत आणून दिला. त्याच्या वाचनातला जो आनंद मी काढून घेतला तो मला परत देता आला नाही. तेव्हापासून मी काही बंधनं पाळते.

शेवटच्या खंडाच्या परीक्षणाला तीन तऱ्हेचे वाचक येतात. पहिल्याने सगळे खंड वाचलेले असतात, त्याला बोलायला जोडीदार हवा असतो. दुसरा मध्येच कुठेतरी असतो, आणि पुढे जाण्यात अर्थ आहे का, एवढंच त्याला विचारायचं असतं. तिसऱ्याने सुरुवातच केलेली नसते. तिघांनाही पुरेल असं लिहिणं जमतं, पण त्यासाठी माहिती कुठवर द्यायची याची रेघ आखून घ्यावी लागते.

माझी रेघ अशी आहे: प्रकाशकाने मलपृष्ठावर जे छापलं आहे ते सांगायला हरकत नाही. ‘लेव्हायथन फॉल्स’चं मलपृष्ठ सांगतं की लकोनियाचं साम्राज्य कोसळलं आहे, ग्रहमालांना जोडणारे दरवाजे ज्यांनी बांधले त्यांना संपवणारा शत्रू पुन्हा जागा झाला आहे, एल्वी ओकोये ही शास्त्रज्ञ आड्रो नावाच्या मृत ग्रहमालेत त्याचा शोध घेते आहे, कर्नल तनाका सम्राट दुआर्ते आणि त्याची मुलगी यांच्या मागावर आहे, आणि होल्डन त्याच्या ‘रोसिनांटे’ जहाजावर सोबत्यांसह आहे. एवढं सांगूनही शेवटाला धक्का लागत नाही. याच्या पुढचं सांगायचं असेल तर लेख दोन भागांत करा. पहिला भाग सगळ्यांसाठी, मग ठळक सूचना, मग दुसरा भाग. सूचना नंतर टाकायची राहून गेली तर उपयोग नाही, म्हणून ती मी सगळ्यांत आधी लिहून ठेवते.

नाव न घेता सांगायची कलाही शिकून घ्या. आठवा खंड एका लाडक्या पात्राच्या मृत्यूची बातमी देऊनच सुरू होतो. ज्याने वाचलं आहे त्याला नाव लगेच आठवेल. ज्याने वाचलं नाही त्याला एवढंच कळेल की हे लेखक कुणाला सवलत देत नाहीत.

पडद्यावरची मालिका बघून आलेल्यांसाठी दोन ओळी जरूर लिहा. ती मालिका २०१५ ते २०२२ अशी सहा पर्वं चालली. सहावं पर्व १० डिसेंबर २०२१ रोजी सुरू झालं, म्हणजे नववा खंड आल्यावर दहा दिवसांनी, आणि ते सहाव्या खंडाच्या कथेपाशी थांबलं. शेवटचे तीन खंड पडद्यावर आलेलेच नाहीत. शिवाय एका मुख्य पात्राचं मालिकेत जे होतं ते पुस्तकात होत नाही. मालिका संपवून थेट नववा खंड उघडणारा माणूस पहिल्या काही प्रकरणांतच गोंधळेल. त्याला सातव्यापासून सुरुवात करायला सांगा.

सहावी पायरी: पहिला परिच्छेद

आता लिहायला बसा. नवख्या परीक्षकाचा पहिला परिच्छेद बहुतेक वेळा असा उतरतो:

‘‘लेव्हायथन फॉल्स ही एक अप्रतिम आणि वाचनीय कादंबरी आहे. लेखकाने पात्रं जिवंत उभी केली आहेत. शेवट मनाला चटका लावून जातो. प्रत्येकाच्या संग्रही असावं असं हे पुस्तक.’’

यातलं पुस्तकाचं नाव खोडून दुसरं कुठलंही लिहा, परिच्छेद तसाच चालतो. म्हणजे या पुस्तकाबद्दल त्यात काहीच नाही. मी केलेला परिच्छेद असा होता:

‘‘पहिल्या खंडात होल्डनने कुणालाही न विचारता एक बातमी साऱ्या सूर्यमालेला ऐकवली आणि युद्धाची ठिणगी पडली. नवव्या खंडात तो ‘रोसिनांटे’वरच भेटतो, पण प्रकरणांवर त्याचं आडनाव उरलेलं नाही, ‘जिम’ एवढंच आहे. सगळ्यांना सगळं सांगावं या त्याच्या जुन्या हट्टाचं पुढे काय झालं, हे ही कादंबरी सांगते. तिचं उत्तर मला पटलं, जरी मधली शंभर पानं कमी असती तरी चाललं असतं.’’

चार वाक्यांत ताळा आला, जवळून बघितलेली एक गोष्ट आली, तुमचं मत आलं, आणि शेवट झाकलेलाच राहिला. भारतीय वाचकाला भुरळ घालणारी एक गोष्ट मी मुद्दाम बाहेर ठेवली. या मालेत क्रिसजेन अवसरला नावाची भारतीय वंशाची राजकारणी बाई आहे, आणि मंगळावरच्या ज्या दरीत भारतीय, चिनी आणि टेक्सासचे लोक वसले तिथला ॲलेक्स कमल हा वैमानिक आहे. ही नावं बघून आपला ऊर भरून येतो, माझाही आला. पण अर्धं परीक्षण त्यातच घालवलं तर पुस्तक बाजूला राहतं.

सातवी पायरी: शेवट चांगला आहे की निरोप जड जातोय?

सगळ्यांत अवघड पायरी ही. शेवटची पानं वाचताना मला रडू आलं. पण ते रडू त्या पानांनी आणलं, की नऊ खंडांच्या सोबतीने? लेकीला सासरी पाठवताना आईला रडू येतं, त्यावरून कार्य नीट पार पडलं की नाही हे कळत नाही.

हे वेगळं करायला मी एक साधी गोष्ट करते. शेवटच्या प्रकरणातला मुख्य निर्णय घेते आणि विचारते, ‘हा निर्णय याच माणसाने, याच कारणासाठी घ्यायचा होता हे पहिल्या खंडावरून पटतं का?’ ‘लेव्हायथन फॉल्स’च्या बाबतीत माझं उत्तर ठामपणे होय आहे. होल्डनच्या जहाजाचं नावच बघा. रोसिनांटे म्हणजे डॉन किहोटेचा घोडा. पवनचक्क्यांवर भाला घेऊन धावणाऱ्या माणसाचा घोडा पहिल्या खंडात निवडला गेला, आणि नवव्या खंडापर्यंत त्या नावाने आपली भाकरी कमावली आहे.

मग ज्या गोष्टी खटकल्या त्या स्पष्ट लिहा. मला तनाकाच्या पाठलागाची प्रकरणं जास्त वाटली. आधी कोपऱ्यात दिसलेल्या बाईला शेवटच्या खंडात एवढी जागा दिली की जुन्या मंडळींना ती कमी पडते. ‘द ड्रीमर’ नावाचे मधले तुकडे पहिल्या वाचनात मला कळलेच नाहीत. दुसऱ्या वाचनात कळले, आणि मग तेच सगळ्यांत आवडले. हे दोन्ही मी परीक्षणात लिहिलं, कारण पहिल्यांदा वाचणाऱ्याला तिथे अडखळायला होणार हे त्याला आधी कळलेलं बरं. शत्रूचं रूप शेवटपर्यंत पूर्ण उलगडत नाही, ते मात्र मला योग्य वाटलं.

इथे आपल्या सवयीची एक अडचण येते. आपल्यापैकी बरेच जण विज्ञानकथेत शिरले ते जयंत नारळीकर, बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर यांच्या कथांतून. कथेत एक कल्पना असते आणि शेवटच्या परिच्छेदात तिचा उलगडा होतो. तो उलगडा चमकदार झाला की आपण खूश. महागाथेला ही मोजपट्टी लावली तर ती नापास होणार, कारण तिचा शेवट बहुतेक वेळा आधीच दिसू लागलेला असतो. तिथे धक्क्यापेक्षा, आलेली गोष्ट अटळ वाटते का, हे तोलायचं असतं.

आठवी पायरी: पाठवण्याआधी

नावांचं लेखन सगळीकडे सारखं आहे का बघा. एका ठिकाणी ‘नाओमी’ आणि दुसरीकडे ‘नेओमी’ होता कामा नये. उतारा दिला असेल तर भाषांतर तुमचं आहे हे लिहा. शेवटचा खंड खरंच शेवटचा आहे का, तेही तपासा. या मालेत नववी कादंबरी अखेरची असली तरी मार्च २०२२ मध्ये ‘द सिन्स ऑफ अवर फादर्स’ ही लघुकादंबरी आली, आणि ती नवव्या खंडानंतरच वाचायची आहे. एका ओळीत तसं सांगून टाका.

आणि मसुदा अशा माणसाला वाचायला द्या ज्याने माला अर्ध्यात सोडली आहे. मी ‘लेव्हायथन फॉल्स’वरचा माझा मसुदा चुलतभावालाच दिला. त्याने तो स्वयंपाकघरात उभ्या उभ्या वाचला, एका नावावर बोट ठेवून ‘हे काढ’ म्हणाला, आणि जाताना माझ्या कपाटातून चौथा खंड काढून घेऊन गेला.